पहिला डोस अडतो कुठे? वॉर्डातला पहिला गुणवत्ता-सुधारणा प्रकल्प करणाऱ्यांसाठी

माझा पहिला प्रकल्प पोस्टरांवर गेला. अँटिबायोटिकची ऑर्डर लिहिल्यापासून पहिला डोस रुग्णाच्या शिरेत जाईपर्यंत फार वेळ जातो, हे आम्हा सिस्टरांना रोज दिसत होतं. म्हणून मी 'पहिला डोस वेळेत!' अशी रंगीत पोस्टरं लावली, दोन प्रशिक्षणं घेतली, हजेरीच्या सह्या गोळा केल्या, फोटो काढले. महिनाभराने मोजलं तर वेळ होता तिथेच होता. पोस्टर अजून भिंतीवर आहे, त्याचा एक कोपरा सुटलाय.

तुम्हाला कुणी 'या वर्षी एक क्वालिटीचा प्रोजेक्ट कर' एवढं सांगून मोकळं झालं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. तुम्ही सिस्टर असा, निवासी डॉक्टर असा, फार्मसीत असा की कार्यालयात, पायऱ्या त्याच आहेत. औषधाच्या संशोधनात विचारतात, हे औषध लागू पडतं का? आपण त्याच्या पुढचं विचारतो: लागू पडतं हे ठाऊक असलेली गोष्ट आपल्या रुग्णापर्यंत दर वेळी, वेळेत का पोचत नाही?

१. प्रश्न लहान घ्या, आणि रोज घडणारा घ्या

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००१ साली चांगल्या आरोग्यसेवेच्या सहा कसोट्या मांडल्या: सुरक्षित, परिणामकारक, रुग्णकेंद्री, वेळेवर, वेळ-पैसा वाया न घालवणारी आणि सगळ्यांना सारखी. विषय सुचत नसेल तर या सहा शब्दांसमोर आपल्या वॉर्डातली एकेक कटकट लिहून पाहा. पाच मिनिटांत कागद भरतो.

त्यातून निवडताना आधी बघा, ही गोष्ट आठवड्यातून किती वेळा घडते. 'मृत्यू कमी करणे' हे ध्येय कितीही मोठं असलं तरी एका वॉर्डात ते थोडक्या महिन्यांत मोजता येत नाही. एका महिन्यात दोन, पुढच्यात चार, त्यानंतर एक, आणि यातलं आपल्यामुळे काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही. पहिला डोस, डिस्चार्ज सांगितल्यावर खाट मोकळी व्हायला लागणारा वेळ, गरज संपल्यावरही राहून गेलेली लघवीची नळी, पाळी बदलताना सांगायची राहिलेली गोष्ट, ही रोजची प्रकरणं. रोज घडतं म्हणून रोज मोजता येतं.

मग उद्दिष्ट एका वाक्यात बसवा. आमचं दुसऱ्या खेपेचं वाक्य होतं: 'मेडिसिन वॉर्डात सेप्सिसचा संशय असलेल्या रुग्णाला ऑर्डरनंतर पहिला अँटिबायोटिक डोस मिळण्याचा वेळ चार महिन्यांत निम्म्यावर आणायचा.' (सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गामुळे शरीराचे अवयव निकामी होऊ लागणं.) कुठे, कुणाचं, किती, कधीपर्यंत, हे चारही आलं पाहिजे.

सापळा: प्रश्नातच उत्तर लपवणं. 'संगणकावर सूचना वाजत नाही म्हणून डोस उशिरा जातो' हा प्रश्न नाही. ती संगणकाची मागणी आहे, फक्त प्रश्नाचे कपडे घालून आलेली.

२. मोजायला लागण्याआधी एथिक्स कमिटीचं पत्र

'आपण तर आपलंच काम नीट करतोय, परवानगी कशाला?' मलाही तसंच वाटलं होतं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याची गोष्ट वाचल्यावर शहाणी झाले. तिथल्या शंभरावर आयसीयूंनी मिळून मोठ्या शिरेतल्या नळीमुळे होणारा रक्ताचा जंतुसंसर्ग कमी केला. बदल पाचच होते: हात धुणे, नळी घालताना पूर्ण निर्जंतुक आवरण, क्लोरहेक्सिडीनने त्वचा साफ करणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि नको असलेली नळी काढून टाकणे. २००६ साली निकाल छापून आले. दर १००० नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी, म्हणजे एक नळी-दिवस) संसर्गाचा मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला होता. इतक्या गाजलेल्या कामावर २००७ साली अमेरिकी सरकारच्या मानवी संशोधन संरक्षण कार्यालयाने आक्षेप घेतला: हे संशोधन होतं, मग त्याची रीतसर नैतिक तपासणी का झाली नाही? प्रकरण निवळायला २००८ उजाडलं.

म्हणून लेखी विचारा. बऱ्याचदा कमिटी 'पूर्ण तपासणीची गरज नाही' असंच कळवते, पण ते पत्रावर हवं. काम झाल्यावर मागच्या तारखेची परवानगी मिळत नाही, आणि लेख पाठवताना संपादक पहिल्यांदा तेच पत्र मागतात.

जवळ असायला हवेत असे कागद:

- एका पानाचा आराखडा (उद्दिष्टाचं वाक्य, कालावधी, गटातली माणसं)
- विभागप्रमुख आणि मेट्रन यांची सही
- कमिटीचा अर्ज आणि तिचं उत्तर
- नोंदीचा कोरा तक्ता
- व्याख्यांचं पान (याबद्दल चौथ्या पायरीत)
- रुग्णाचं नाव आणि सांकेतिक क्रमांक जोडणारी यादी. ही वेगळ्या कुलपात. तक्त्यावर फक्त क्रमांक जातो.

यादी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवू नका. सोयीचं वाटतं, आणि फोन हरवला की रात्रीची झोप जाते.

३. वही आणि घड्याळ घेऊन उभं राहा

या पायरीला मी सगळ्यांत जास्त वेळ देते, आणि नवखे लोक नेमकी हीच गाळतात.

आमच्या वॉर्डाचं ठाम मत होतं की फार्मसी उशीर करते. फार्मसीचं तितकंच ठाम मत, वॉर्ड मागणी उशिरा पाठवतो. मी काही सकाळी राउंडच्या मागे नुसती फिरले. दुसऱ्या खाटेच्या रुग्णाची ऑर्डर राउंड सुरू झाल्याझाल्या लिहिली गेली. डॉक्टरांनी फाइल मिटली, ती ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात पडली, आणि राउंड तिसऱ्या खाटेकडे वळली. मग चौथी, पाचवी. मध्येच एक्स-रे उजेडाकडे धरून चर्चा झाली, एका नातेवाइकांनी अडवलं, आणि अशी ट्रॉली वॉर्डाच्या टोकापर्यंत गेली. राउंड संपल्यावर फायलींचा ढीग काउंटरवर आला. सिस्टरने वरची फाइल उचलली, ऑर्डर उतरवून घेतली, मग त्याच्या खालची.

दुसऱ्या खाटेची फाइल ढिगात खालून दुसरी होती.

हे दिसलं तेव्हा मी वही मिटून जरा वेळ तशीच उभी राहिले. सगळ्यांत आजारी रुग्ण आम्ही काउंटरजवळच्या खाटांवर ठेवतो, म्हणजे डोळ्यांसमोर राहतात. राउंड तिथूनच सुरू होते. म्हणजे त्यांच्या फायली दर सकाळी ढिगाच्या तळाशी. ज्याला औषधाची घाई सगळ्यांत जास्त, त्याचाच नंबर शेवटी! यात ना फार्मसीची चूक होती, ना कुठल्या सिस्टरच्या आळसाची. माझं पोस्टर या ढिगाला काय सांगणार होतं?

जे दिसेल ते चिकटचिठ्ठ्यांवर लिहून भिंतीवर क्रमाने लावा: ऑर्डर लिहिली, फाइल ट्रॉलीत, फाइल काउंटरवर, ऑर्डर उतरवली, मागणी गेली, औषध आलं, विरघळवलं, दिलं. दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये किती मिनिटं जातात ते लिहा. बहुतेक वेळ काम करण्यात जात नाही, दोन कामांच्या मधल्या वाट पाहण्यात जातो. नियमावलीतला रस्ता वेगळा काढा आणि त्याच्या शेजारी खरा रस्ता लावा. या दोन ओळींमधली तफावत पाहायला लोक आपण होऊन थांबतात.

सापळे दोन. तुम्ही शेजारी उभे आहात म्हणून माणसं पहिल्या दिवशी भराभर हात चालवतात. पहिल्या दिवसाच्या नोंदी सोडून द्या, पुढे त्यांना तुमची सवय होते. आणि एकदा तरी रात्रपाळीत उभे राहा. दिवसाचा रस्ता आणि रात्रीचा रस्ता एकच असतो असं कागदावर फक्त दिवसपाळीवाले लिहितात.

४. काय मोजायचं

अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली उपचारांची गुणवत्ता पाहण्याच्या तीन खिडक्या सांगितल्या: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. माणसं-साधनं किती, काम कसं चालतं, रुग्णाचं पुढे काय झालं. अजूनही सगळा व्यवहार याच चौकटीत चालतो. पहिल्या प्रकल्पात भर प्रक्रियेवर ठेवा. त्याला एक चौथं माप जोडा, संतुलनाचं: एक बाजू सुधारताना दुसरी बिघडली का? आमच्याकडे घाईत दोन गोष्टी सुटण्याची भीती होती, ॲलर्जी विचारणं आणि डोसाआधी कल्चरसाठी (रक्तात कोणते जंतू आहेत ते पाहण्यासाठी) रक्त घेणं. दोन्ही आम्ही पहिल्या दिवसापासून मोजली.

व्याख्या लिहून ठेवा, हास्यास्पद वाटली तरी. 'डोस दिला' म्हणजे औषध खाटेशी आलं, सलाईनला जोडलं, की प्रत्यक्ष सुरू झालं? सेप्सिसच्या २०२१च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये शॉक (रक्तदाब धोकादायक घसरणं) असेल किंवा सेप्सिसची शक्यता दाट असेल तर एका तासाच्या आत अँटिबायोटिक द्या असं म्हटलं आहे, पण तो तास रोग ओळखल्यापासून सुरू होतो. आमचा काटा ऑर्डरपासून सुरू होत होता. हा फरक तक्त्याच्या डोक्यावर लिहिला नाही, तर सहा महिन्यांनी तुम्हीच गोंधळता.

नोंदींच्या वेळांकडे संशयाने पाहा. १०:००, १०:३०, ११:०० अशा गोल वेळा ओळीने दिसल्या तर त्या पाळीच्या शेवटी आठवून लिहिल्या आहेत. रागावू नका, तीन रुग्णांमध्ये धावणाऱ्या बाईला घड्याळ बघायला सवड नसते. थोड्या रुग्णांचा वेळ स्वतः मोजा आणि नोंदीशी ताडून पाहा.

सरासरीऐवजी मध्यक घ्या. समजा पाच रुग्णांना २०, २५, ३०, ३५ आणि २४० मिनिटं लागली. सरासरी येते ७०, आणि ७० मिनिटं तर कुणालाच लागली नव्हती. मध्यक ३०. पण ते २४० मिनिटंवालं प्रकरण टाकून देऊ नका, त्याची वेगळी चौकशी करा. त्यात बहुधा वेगळीच गोष्ट सापडते.

सापळा: माप हेच लक्ष्य होऊन बसणं. इंग्लंडच्या एनएचएसने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, तातडीच्या विभागांना चार तासांची मर्यादा घातली. वाट पाहणं खरोखर कमी झालं, पण चार तास भरायच्या आधीच्या शेवटच्या काही मिनिटांत रुग्ण हलवण्याची झुंबडही आकड्यांत उघड दिसली. तुमच्या वॉर्डातही कुणीतरी आकडा सांभाळायला लागेल. संतुलनाचं माप त्यासाठीच आहे.

५. उपाय निवडताना पोस्टर सगळ्यांत शेवटी

उपायांची ताकद सारखी नसते. सूचना, परिपत्रक, प्रशिक्षण ही तळाची पायरी, कारण ती माणसाच्या लक्षात राहण्यावर चालतात. त्यावर चेकलिस्ट आणि ठरलेले तक्ते. त्यावर कामाची रचनाच सोपी करणं. सगळ्यांत वर अशी सोय, की चूक करायची म्हटली तरी होऊ नये, जशी एका वायूची नळी दुसऱ्या वायूच्या तोंडात बसतच नाही. मिशिगनमध्येही नुसती यादी टांगलेली नव्हती. नळी घालायला लागणारं सगळं सामान एका ट्रॉलीवर आणलं होतं, आणि पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार सिस्टरला दिला होता. माझ्या मते यादीपेक्षा तो अधिकार भारी पडला असणार.

चेकलिस्टबद्दल आणखी एक. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची १९ कलमी यादी जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८वर आणि गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर आलं. हे निकाल २००९चे. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ साली आला, आणि त्यात म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. कागद तोच होता. ओंटारिओत तो वरून आला होता, आणि वरून आलेल्या कागदावर खुणा कशा होतात हे वॉर्डात काम केलेल्याला वेगळं सांगायला नको.

६. एका खाटेवर, एका सकाळी

आखा, करा, तपासा, सुधारा. शूहार्ट आणि डेमिंग या गुणवत्तातज्ज्ञांच्या कारखान्यातल्या कामातून आलेलं हे चक्र सगळीकडे शिकवतात, आणि सगळीकडे ते फार मोठं करून फिरवतात. तीन महिन्यांचं एक चक्र म्हणजे चक्रच नव्हे. पहिलं चक्र एका सिस्टरने, एका रुग्णावर, एका सकाळी करावं. दुपारपर्यंत उत्तर मिळतं.

आमचं असं झालं. पहिल्या फेरीत तातडीच्या फाइलला लाल चिठ्ठी लावली. चिठ्ठ्या गळून पडल्या. दुसऱ्या फेरीत राउंडमधल्या सिस्टरने फाइल तिथेच घेऊन काउंटरवर जायचं ठरलं. डोस लवकर गेला, पण ती परत येईपर्यंत पुढच्या दोन खाटांच्या सूचना तिने ऐकल्याच नव्हत्या. तिसऱ्या फेरीत मावशी म्हणाल्या, 'फाइल मला द्या की, मी नेते. मी मागेच तर उभी असते.' सिस्टर काउंटरवर तयार, मावशी फाइल आणून हातात देणार. हे चाललं. चौथ्यात फार्मसीने नेहमी लागणाऱ्या अँटिबायोटिकांचे मोजके पहिले डोस वॉर्डात ठेवायला दिले. त्यातून मुदत संपलेल्या औषधांचा नवा प्रश्न उभा राहिला, म्हणून दर सोमवारी मुदत तपासणं आलं.

प्रत्येक फेरीच्या चार ओळी वहीत लिहा: काय होईल वाटलं, काय केलं, काय झालं, पुढे काय. महिन्यांनंतर लेख लिहिताना ही वहीच कामाला येते.

७. दोन खांबांचा आलेख काढू नका

'आधी' एक खांब, 'नंतर' दुसरा बुटका खांब, सगळे खूश. पण आधीच्या तीन महिन्यांत वेळ आपोआप कमी होत असेल, तरी हे दोन खांब असेच दिसतील. आणि वॉर्ड सगळ्यांत वाईट अवस्थेत असताना प्रकल्प सुरू केला, तर नुसतं काही न करताही पुढचा महिना जरा बरा जातो.

त्याऐवजी रन चार्ट काढा. आडव्या रेषेवर आठवडे, उभ्या रेषेवर त्या आठवड्याचा मध्यक. बदलाआधीचे दहा-बारा बिंदू असावेत, त्यांच्या मध्यकाची आडवी रेघ ओढा. मग नियम दोन: सलग सहा किंवा जास्त बिंदू रेघेच्या एकाच बाजूला पडले, किंवा सलग पाच किंवा जास्त बिंदू एकाच दिशेने चढत वा उतरत गेले, तर काहीतरी खरोखर बदललं आहे असं समजा. पहिल्या नियमात नेमके रेघेवर पडलेले बिंदू मोजायचे नाहीत. एका आठवड्याच्या चढ-उतारावर मीटिंग बोलावू नका.

साधनं: चौकटीचा कागद आणि पेन पुरतं, स्प्रेडशीट असेल तर उत्तम. महागडं सॉफ्टवेअर मागू नका, ते येईपर्यंत प्रकल्पाची मुदत संपते. आलेख काउंटरमागे लावा आणि नवा बिंदू हाताने टाका. आमच्याकडे रात्रपाळीच्या मुली 'या आठवड्याचा कुठे आला?' असं विचारायला लागल्या, तेव्हा मला पहिल्यांदा धीर आला.

८. माणसं

डॉक्टर सेमेलवाइस यांनी १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. पहिल्या विभागातले बाळंतिणींचे मृत्यू एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर होते, जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आले. इतका उघड आकडा हातात असूनही बहुतेक सहकारी वळले नाहीत. 'तुमच्या हातांनी त्या मेल्या' हे ऐकायला कोण तयार असतं?

तेव्हा गट करताना डॉक्टर, सिस्टर, फार्मसी, मावशी-मामा आणि जमल्यास बरा होऊन गेलेला एखादा रुग्ण, सगळे घ्या. आलेखावर कुणाच्या पाळीचं नाव घालू नका. एकदा माझ्याच वरिष्ठांनी पाळीनुसार आकडे मागितले, मी दिले, आणि पुढचे दोन आठवडे सगळ्या नोंदी एकदम गोल आणि सुंदर आल्या. ते आकडे आम्हाला फेकून द्यावे लागले.

विरोध करणाऱ्याला आधी भेटा. आमच्या फार्मसीचे प्रमुख सगळ्यांत कडक होते. वॉर्डात साठा ठेवला तर मुदतीचं काय, हे त्यांनीच पहिल्या दिवशी विचारलं होतं, आणि मी ते मनावर घेतलं नव्हतं.

९. लिहिणं

या प्रकारच्या लेखांसाठी स्क्वायर नावाचे मार्गदर्शक निकष आहेत, सध्याची आवृत्ती २०१५ची. अठरा मुद्दे आहेत. ते काम संपल्यावर उघडू नका, सुरू करतानाच छापून वहीत चिकटवा. त्यात परिस्थितीचं वर्णन मागतात: वॉर्ड केवढा, माणसं किती, राउंड कशी चालते. तुमचा उपाय वाचणाऱ्याच्या वॉर्डात चालेल का, हे त्यावरूनच ठरतं. लेखकांची नावं आणि क्रम पहिल्या महिन्यातच कागदावर आणा. शेवटी ठरवायला गेलं की मैत्री तुटते, हे पाहिलंय.

फसलेल्या फेऱ्याही लिहा. लाल चिठ्ठीला मी लेखात जेमतेम चार ओळी दिल्या होत्या, त्याही संकोचत. परीक्षकाने सगळा लेख सोडून त्याच ओळींवर प्रश्न विचारला: चिठ्ठ्या पडत होत्या त्या नेमक्या कुठे? मी वही उघडली. नोंद होती, 'ट्रॉलीच्या मागच्या चाकाखाली, तीन सापडल्या.'